जूनच्या आधीचं वाचन : अमेरिकेचा इतिहास, धाराशिवातून

महात्मा फुल्यांचं ‘गुलामगिरी’ 1873 साली प्रसिद्ध झालं आणि त्याची अर्पणपत्रिका अमेरिकेतल्या लोकांच्या नावे आहे. गुलामांना दास्यातून सोडवताना त्यांनी दाखवलेल्या औदार्याचा त्यात गौरव आहे, आणि आपल्या देशबांधवांनी शूद्रांच्या बाबतीत तोच कित्ता गिरवावा अशी आशाही आहे. बी.ए. झालेल्या विद्यार्थ्याला एवढं ठाऊक असतं. त्या सालापाशी मात्र फारसं कुणी थांबत नाही. 1865 च्या तेराव्या घटनादुरुस्तीनं अमेरिकेत गुलामगिरी संपली. 1868 च्या चौदाव्या दुरुस्तीनं मुक्त झालेल्यांना नागरिकत्व मिळालं आणि 1870 च्या पंधराव्या दुरुस्तीनं त्यांच्यातल्या पुरुषांना मताचा हक्क मिळाला. फुले लिहीत होते तेव्हा दक्षिणेतल्या राज्यांत काळे प्रतिनिधी निवडून येत होते आणि हायरम रेव्हेल्स हे सिनेटमध्ये बसूनही गेले होते. पुढे चारच वर्षांनी, 1877 मध्ये, केंद्र सरकारनं दक्षिणेतल्या सैन्याचा पाठिंबा काढून घेतला आणि मिळालेलं एकेक हिरावलं जाऊ लागलं. 1896 मध्ये ‘प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं वेगळ्या डब्यांना आणि वेगळ्या शाळांना कायद्याचं बळ दिलं. तो निवाडा 1954 पर्यंत टिकला.

म्हणजे फुल्यांनी अमेरिकेकडे पाहिलं ते तिच्या सर्वांत आशेच्या दशकात. अर्पणपत्रिका कुणाला आहे हे पाठ करणं ही झाली माहिती. ती कोणत्या क्षणी लिहिली गेली, तेव्हा पुण्यातून काय दिसत होतं आणि काय दिसणं शक्यच नव्हतं, हे विचारता येणं म्हणजे एम.ए.चा इतिहास. बी.ए. आणि एम.ए. यांच्यामध्ये जो उन्हाळा येतो, त्या उन्हाळ्यासाठी ही पुस्तिका आहे.

‘गुलामगिरी’नंतर चाळीस वर्षांनी, 1913 मध्ये, भीमराव आंबेडकर बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. त्यांनी तिथं घेतलेल्या अभ्यासक्रमांची मोजदाद उपलब्ध आहे : अर्थशास्त्राचे 29 आणि त्याखालोखाल इतिहासाचे 11. जेम्स हार्वे रॉबिन्सन आणि जेम्स शॉटवेल हे त्या वेळी तिथले इतिहासाचे नामवंत अध्यापक होते. आंबेडकरांना दिसलेली अमेरिका फुल्यांच्या अर्पणपत्रिकेतली नव्हती. ती राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांची अमेरिका होती. केंद्र सरकारच्या कचेऱ्यांमध्ये काळ्या आणि गोऱ्या कारकुनांना वेगळं बसवण्याची पद्धत त्यांच्याच कारकिर्दीत पसरली. विद्यापीठाला लागूनच हार्लेम ही काळ्यांची वस्ती आहे. बाबासाहेबांनी काळ्या अमेरिकनांचा विषय पुढे कधीच सोडला नाही. 1946 मध्ये त्यांनी काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून, काळ्या अमेरिकनांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या होत्या. हेच बाबासाहेब 1941 च्या फेब्रुवारीत आपल्या जिल्ह्यात, कसबे तडवळ्याला, महार-मांग वतनदार परिषदेसाठी आले होते. तडवळ्याच्या मुलाला कोलंबिया परकी वाटायचं कारण नाही.

पंडिता रमाबाईंनीही 1889 मध्ये अमेरिकेच्या लोकस्थितीवर मराठीत अख्खं पुस्तक लिहिलं. तिथल्या स्त्रियांच्या संस्था, त्यांचं शिक्षण, त्यांचं सार्वजनिक काम हे सारं त्यांनी आपल्याकडच्या बायकांना डोळ्यांपुढे ठेवून टिपलं आहे. अमेरिकेचा इतिहास मराठीतून वाचायची परंपरा अशी दीडशे वर्षांची आहे. आपण ती मध्येच सोडून दिली आणि गाईडं हातात घेतली.

गाईडांबद्दल माझी तक्रार स्पष्ट आहे. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांच्या पदव्युत्तर वर्गांमध्ये अमेरिकेच्या इतिहासाची प्रश्नपत्रिका अनेक वर्षं शिकवली गेली आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या वैकल्पिक इतिहासातही अमेरिकन क्रांती, तिथली राज्यघटना, यादवी युद्ध आणि गुलामगिरीचं निर्मूलन येतं. अभ्यासिकांमध्ये बसलेली आपली मुलं हा भाग कारणं, स्वरूप, परिणाम अशा ठरलेल्या मुद्द्यांवर उरकतात. राष्ट्राध्यक्षांची यादी पाठ होते. लिंकनचं एकही भाषण वाचलेलं नसतं. वर्ग सुरू झाला की दर आठवड्याला नवं प्रकरण येतं, चाचण्या येतात, आणि मूळ कागद वाचायला वेळच उरत नाही. तो वेळ असतो फक्त एप्रिलअखेरपासून जूनपर्यंत. शिवाय बहुतेक साहित्य इंग्रजीत आहे आणि आपला विद्यार्थी मराठी माध्यमातून आलेला असतो. अठराव्या शतकातली लांबलचक वाक्यं जूनमध्ये अचानक समोर आली की तो गांगरतो आणि पुन्हा गाईडाकडे वळतो. हीच वाक्यं मे महिन्यात, कुणाची घाई नसताना, मोठ्यानं वाचली तर सुटतात.

खुद्द अमेरिकेत शाळकरी मुलंही हे करतात. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी घरांमधली मुलं अकरावीच्या सुमारास ‘ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट’चा अमेरिकेचा इतिहास घेतात. परीक्षा मे महिन्यात असते, पण अनेक शाळा आधीच्या उन्हाळ्यातच वाचन नेमून देतात. त्या अभ्यासक्रमातल्या दोन गोष्टी मला मोलाच्या वाटतात. पहिली म्हणजे तो 1492 पासून सुरू होत नाही, 1491 पासून होतो. कोलंबस येण्याआधी तिथं राहणाऱ्या माणसांपासून. आपल्या जिल्ह्याचा इतिहास निजामापासून सुरू न करता तेरपासून, रोमशी व्यापार करणाऱ्या तगर नगरापासून सुरू करण्यासारखंच ते आहे. दुसरी म्हणजे त्या परीक्षेतला एक निबंध. विद्यार्थ्यापुढे सात कागद ठेवतात : एखादं पत्र, एखादं व्यंगचित्र, भाषणाचा उतारा, कायद्याचं कलम. त्या कागदांतून त्यानं आपलं म्हणणं उभं करायचं असतं. कागद कुणी, कुणासाठी, कशासाठी लिहिला हे सांगायचं असतं. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाकडून तिथं जी अपेक्षा आहे, ती आपण बावीस वर्षांच्या विद्यार्थ्याकडून का करू नये? या पुस्तिकेची रचना त्यावरूनच केली आहे. आधी कागद, मग त्यावर मराठी टिपण आणि शेवटी प्रश्न. उत्तरं दिलेली नाहीत.

पुस्तिकेत अमेरिकेशेजारी आपला भाग ठेवून जोड्या लावल्या आहेत. त्यांतल्या मला सर्वांत महत्त्वाच्या वाटणाऱ्या जोडीबद्दल आता थोडं सविस्तर लिहायचं आहे.

13 सप्टेंबर 1948 च्या पहाटे भारतीय सैन्य सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्यानं निघालं आणि पहिली चकमक झाली ती नळदुर्गला. चार दिवसांत निजामानं शरणागती पत्करली. 17 सप्टेंबर आपण मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळतो. फिलाडेल्फियात 1787 साली अमेरिकेच्या राज्यघटनेवर सह्या झाल्या तीही तारीख 17 सप्टेंबरच. हा योगायोग आहे आणि तो लक्षात ठेवायला सोपा पडतो, यापलीकडे त्याला अर्थ नाही. अर्थ आहे तो पुढच्या गोष्टीत. नळदुर्गच्या लढाईला दोन महिनेही झाले नव्हते, तेव्हा 4 नोव्हेंबर 1948 रोजी बाबासाहेबांनी संविधान सभेत घटनेचा मसुदा मांडला. भारताला ‘राज्यांचा संघ’ का म्हटलं, याचा खुलासा त्यांनी त्या भाषणात केला. हा संघ राज्यांनी आपसात करार करून बनलेला नाही, म्हणून कोणत्याही राज्याला त्यातून फुटून निघण्याचा हक्क नाही. आणि दाखला दिला तो अमेरिकेचा : आपली राज्यं फुटू शकत नाहीत हे ठरवायला अमेरिकनांना यादवी युद्ध करावं लागलं, मसुदा समितीला ते आधीच लिहून ठेवणं बरं वाटलं.

हे भाषण नळदुर्गच्या किल्ल्याजवळ राहणाऱ्या मुलानं वाचलं की ‘संघराज्याचं स्वरूप’ हा प्रश्न त्याच्यासाठी जिवंत होतो. 1776 मध्ये 13 वसाहतींनी स्वातंत्र्य जाहीर केलं तेव्हा त्या एक राष्ट्र होत्या की 13? 1787 च्या घटनेला मान्यता कुणी दिली, राज्यांनी की लोकांनी? 1860-61 मध्ये दक्षिण कॅरोलिनानं आणि तिच्यामागून इतर दहा राज्यांनी फुटून निघताना याच संदिग्धतेचा आधार घेतला होता. सहा लाखांहून अधिक माणसं मेल्यावर प्रश्न रणांगणावर सुटला, आणि 1869 मध्ये ‘टेक्सस विरुद्ध व्हाइट’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं संघ अविनाशी असल्याचं सांगितलं. निजामाचा युक्तिवाद वेगळा होता. तो भारतीय संघात आलाच नव्हता. 29 नोव्हेंबर 1947 चा ‘जैसे थे’ करार तेवढा झाला होता. मग दक्षिण कॅरोलिना आणि हैदराबाद यांची तुलना कुठवर चालते आणि कुठं तुटते? आणि दोन्हीकडे वेगळं राहण्याचा हक्क मागणाऱ्यांच्या राज्यात बहुसंख्य किंवा मोठ्या संख्येनं असलेल्या सामान्य माणसांना कुणी विचारलं होतं का? दक्षिण कॅरोलिनात निम्म्याहून अधिक लोक गुलाम होते. हैदराबाद संस्थानात स्टेट काँग्रेसवर अनेक वर्षं बंदी राहिली होती, आणि हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिकवून गेलेले स्वामी रामानंद तीर्थ पुन्हा पुन्हा तुरुंगात जात होते. यावर चार पानं लिहू शकणारा विद्यार्थी मला पन्नास गुणांचं पाठांतर करणाऱ्यापेक्षा अधिक हवा आहे.

याच जोडीला लागून एक अवघड पान आहे आणि ते मी मुद्दाम ठेवलं आहे. रझाकारांनी आपल्या गावांमध्ये काय केलं हे घराघरांत सांगितलं जातं, आणि ते सांगितलं गेलंच पाहिजे. सप्टेंबरमधल्या त्या लष्करी, म्हणजे ‘पोलीस’, कारवाईनंतरच्या दिवसांत निरपराध मुसलमानांवर जो अत्याचार झाला, त्याची चौकशी भारत सरकारनं पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं केली. सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांमध्ये तिनं उस्मानाबादचं, म्हणजे आपल्याच जिल्ह्याचं, नाव घेतलं आहे. तो अहवाल कित्येक दशकं अप्रकाशित राहिला. अमेरिकेत 1921 च्या मे महिन्याच्या अखेरीस ओक्लाहोमातल्या टल्सा शहरात काळ्यांची ग्रीनवुड ही भरभराटलेली वस्ती जाळली गेली. तिचंही नाव कित्येक दशकं शाळेच्या पुस्तकांत नव्हतं. राज्यानं नेमलेल्या आयोगाचा अहवाल यायला 2001 उजाडलं. आपल्या गावाबद्दलचं अप्रिय वाचण्याची तयारी नसेल, तर दुसऱ्याच्या गावाबद्दलचं अप्रिय वाचण्याचा आपल्याला अधिकार नाही, असं माझं ठाम मत आहे.

कर्जाचा धागा आपल्या भागाला त्याहून ओळखीचा. 1786 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या कर्जबाजारी शेतकऱ्यांनी डॅनियल शेज यांच्या नेतृत्वाखाली न्यायालयांची दारं अडवली, कारण जप्तीचे हुकूम तिथूनच सुटत होते. त्या उठावानं धास्तावलेल्या पुढाऱ्यांनी पुढच्याच वर्षी घटना लिहायला घेतली, हा क्रम पाठ्यपुस्तकांत दोन वेगळ्या प्रकरणांत विखुरलेला असतो. 1875 मध्ये सुप्याला आणि मग पुणे-नगरच्या गावागावांत कुणब्यांनी सावकारांकडची कर्जखतं हिसकावून जाळली. परंडा-भूमच्या शेतकऱ्याला नगरची हद्द हाकेच्या अंतरावर होती, पण राज्य निजामाचं. पुणे-नगरच्या या दंग्यांमागे अमेरिकाही होती. 1861 ला यादवी युद्ध सुरू झालं, उत्तरेच्या आरमारानं दक्षिणेची बंदरं अडवली, इंग्लंडच्या गिरण्यांचा कापूस आटला आणि इकडे कापसाला सोन्याचा भाव आला. त्या भावाच्या भरवशावर शेतकऱ्यांना उधारी मिळाली. 1865 ला युद्ध संपलं, भाव कोसळले, कर्ज उरलं. आपला जिल्हा या साऱ्याच्या आधी, 1853 च्या तहानं, इंग्रजांकडे गेला होता आणि मेडोज टेलर हा इंग्रज अधिकारी नळदुर्गला बसून तो चालवत होता. 1860 मध्ये, म्हणजे युद्धाच्या तोंडावर, तो निजामाला परत मिळाला. वऱ्हाड मात्र इंग्रजांनी ठेवून घेतलं.

युद्धानंतर दक्षिणेत मुक्त झालेल्या माणसाला जमीन मिळाली नाही. तो जुन्या मालकाच्याच शेतात वाट्यानं राबू लागला. बियाणं, मीठ, कापड दुकानदाराकडून उधार, तारण म्हणून उभं पीक. हंगामाच्या शेवटी हिशेब मालकाच्या वहीत, आणि बाकी पुढच्या वर्षावर. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातल्या मुलीला हे समजावून सांगावं लागत नाही. मुकादमाकडून दसऱ्याच्या आधी घेतलेली उचल, नवरा-बायको मिळून एक कोयता, कारखाना बंद होईतो न फिटलेली रक्कम आणि पुढच्या हंगामाची बांधिलकी तिनं पाहिलेली असते. अशी विद्यार्थिनी या प्रकरणात प्राध्यापकाच्याही पुढे जाऊ शकते. फक्त तिनं साम्यापाशी थांबू नये. अमेरिकेत त्या कर्जामागे रंगाचे कायदे होते, झुंडीनं फाशी देण्याची दहशत होती. इथं जात आहे, पाऊस आहे, साखरेचं राजकारण आहे, आणि वेठबिगारीविरुद्ध 1976 चा कायदाही आहे. तिकडच्या माणसांनी शेवटी गाव सोडलं. 1910 ते 1970 या काळात सुमारे साठ लाख काळे लोक दक्षिणेतून उत्तरेच्या आणि पश्चिमेच्या शहरांकडे गेले. आपल्याकडचं स्थलांतर दरवर्षी परत येतं. का, हा प्रश्न पुस्तिकेत आहे.

1972 च्या दुष्काळात अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी खाल्लेली माणसं अजून गावोगाव आहेत. ज्वारीचं मूळ आफ्रिकेत, आणि अमेरिकेत ती पोहोचली गुलामांच्या व्यापाराच्या काळात. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी 1933 पासून मंदीत सरकारी कामं काढून बेकारांना मजुरी दिली. महाराष्ट्रानं दुष्काळात काढलेल्या कामांतून रोजगार हमीचा कायदा आला. या दोन धोरणांवर एक छोटं प्रकरण आहे. ते अजून कच्चं आहे आणि त्यावर एखाद्या विद्यार्थ्यानं प्रबंधच लिहावा अशी इच्छा आहे.

वाचायचं कसं, याबद्दल थोडं. दुपारी आपल्याकडे अंगाची लाही होते आणि वीज केव्हा जाईल सांगता येत नाही, म्हणून पहाटेचे दोन तास धरा. चैत्री पौर्णिमेला तुळजापूर-येरमाळ्याच्या यात्रा, मग लग्नसराई. यातले दिवस जाणारच, ते सोडून द्या. 1776 चा जाहीरनामा पहिल्या आठवड्यात, रोज एकच परिच्छेद. आधी मोठ्यानं वाचायचं, मग न पाहता मराठीत सांगायचं, मग लिहायचं. राज्यघटना त्यानंतर, आणि तिच्यात प्रतिनिधींची संख्या ठरवताना गुलामांना तीन-पंचमांश धरणारं कलम स्वतः शोधून काढायचं. फ्रेडरिक डग्लस यांचं 1845 चं आत्मकथन छोटं आहे आणि त्याचं इंग्रजी सोपं आहे. एक पुस्तक पूर्ण वाचायचं असेल तर हेच वाचा. लिंकनची दोन भाषणं, गेटिसबर्गचं आणि दुसऱ्या शपथविधीचं, मिळून हजार शब्दांचीही नाहीत. एरिक फोनर यांचं पुनर्रचनेच्या काळावरचं पुस्तक जाडजूड आहे, ते वर्ग सुरू झाल्यावर घ्या. हॉवर्ड झिन यांचा लोकांचा इतिहास जरूर वाचा, पण एकट्या झिनवर अवलंबून राहू नका. त्यांची बाजू ठरलेली आहे आणि ते ती लपवत नाहीत. अमेरिकेचे मूळ कागद तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. बाबासाहेबांचं 4 नोव्हेंबरचं भाषण महाराष्ट्र शासनानं काढलेल्या त्यांच्या समग्र लेखनाच्या तेराव्या खंडात मिळेल.

गावोगावच्या ग्रंथालयांना आणि अभ्यासिकांना एक विनंती आहे : मे महिन्यात सकाळी लवकर उघडा आणि मुलींना बसायला जागा राखून ठेवा. पालकांना विनंती आहे की इतिहास घेतला म्हणून मुलाला टोमणे मारू नका.

आणि विद्यार्थ्यांनो, जूनमध्ये पहिल्या तासाला येताना घरातला एक जुना कागद घेऊन या. निजामाच्या काळातली जमिनीची पावती, कर्जाचा रोखा, 1972 मधलं रेशनकार्ड, उचलीची चिठ्ठी, काहीही चालेल. तो कुणी, कुणासाठी आणि कशासाठी लिहिला, हे एका पानावर लिहून आणा. अमेरिकेचा तास आपण तिथून सुरू करू.